न खेळलेला सामना

श्रीपूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील साखर कारखान्याचे गाव. गावाच्या चहूकडे उसाची शेते. थंडीबरोबर गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग रस्त्याने अहोरात्र सरकत असते व रसाच्या कढाचा गोडसर, किंचित उग्र वास हवेत भरून राहतो. अशा दिवसांत शाळा सुटल्यावर तेथील खेळाडू मुलांचे लक्ष घड्याळाकडे नसते. ते उसाच्या शेंड्यांकडे असते. शेंडे डोलत आहेत तोवर खेळ मांडण्यात अर्थ नाही. दिवस कलतो, वारा पडतो, पाती स्तब्ध होतात आणि मग फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी आखलेल्या अंगणात, दोन बांबूंना बांधलेल्या जाळ्याच्या दोन्ही अंगांस मुले उभी राहतात. बॅडमिंटनचा खेळ सुरू होतो.

वारा हा या खेळाचा वैरी. ज्या फुलाने हा खेळ खेळावयाचा, त्याचे वजन जेमतेम पाच ग्रॅम. बुचाच्या लहानशा अर्धगोलात सोळा पिसे गोलाकार खोवलेली असतात. साधी झुळूक आली तरी ते आपली वाट सोडून रेघेबाहेर जाऊन पडते. म्हणूनच मोठे सामने बंदिस्त दालनात खेळले जातात. श्रीपूरच्या मुलांना दालन कोठले! पिसांचे फूलही एका सायंकाळी झडून जाते, म्हणून रोजच्या सरावाला प्लॅस्टिकचे फूल. पण उणिवांनी खेळाची गोडी कमी होत नाही. उलट, वारा पडण्याची वाट पाहता पाहता ती वाढतच जाते.

या अंगणात खेळणाऱ्या मुलांत आठवीतला एक मुलगा होता. तो डावखुरा होता. त्याचा फटका अनपेक्षित कोनातून येई, आणि त्यामुळे बरोबरीची मुले त्याच्याशी खेळण्यास कंटाळत. शाळेच्या संघातील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू मात्र रोज सायंकाळी त्यालाच बोलावी. दोघे अंधार पडेपर्यंत खेळत. डावखुरा मुलगा बहुधा हरे. पण तो संघात होता, आणि संघात असणे ही त्याच्या लेखी लहान गोष्ट नव्हती.

त्या हिवाळ्यात अकलूजला तालुक्यातील शाळांचे सांघिक सामने झाले. पहिला सामना एकेरीचा, दुसरा दुहेरीचा, तिसरा पुन्हा एकेरीचा. तिहींपैकी दोन सामने जिंकणाऱ्या संघाची सरशी. तिसरा सामना या डावखुऱ्या मुलाकडे होता. त्याच्या आईने आदल्या रात्री सदरा धुऊन, घडी घालून उशाखाली ठेवला होता. दिवसभरात श्रीपूरच्या संघाने प्रत्येक फेरीत पहिले दोन्ही सामने जिंकले. अंतिम फेरीतही तसेच झाले. पहिल्या खेळाडूने एका चपळ प्रतिस्पर्ध्यास नमविले, दुहेरीची जोडीही जिंकली, आणि तिसऱ्या सामन्याची गरजच उरली नाही. टाळ्या वाजल्या. ढाल हाती आली. प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळाले, आणि त्यावर या मुलाचेही नाव सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते.

परत येताना एसटीत मुले गाणी म्हणत होती. डावखुरा मुलगा खिडकीशी बसला होता. त्याने इतरांचे सदरे पाहिले. ते घामाने भिजून पाठीला चिकटले होते. त्याचा सदरा आईने घातलेल्या घडीच्या रेघांसह कोरडा होता. त्या कोरड्या सदऱ्याची त्याला एकाएकी लाज वाटू लागली. घरी गेल्यावर आईने प्रमाणपत्र देवासमोर ठेवले. तेव्हा तर आपण कोणाची तरी वस्तू उसनी आणून घरात ठेवली आहे, असे त्याच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी वारा पडला, पाती स्तब्ध झाली; परंतु तो अंगणात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

शाळेचे क्रीडाशिक्षक त्याच्या शोधात निघाले, तेव्हा तो कालव्याच्या कडेला एकटाच बसलेला आढळला.

“काय रे, रॅकेटला सुट्टी दिलीस काय?” त्यांनी विचारले.

बराच वेळ तो बोलला नाही. मग खाली मान घालून म्हणाला, “सर, ढाल त्यांनी आणली. मी तर नुसता बसून होतो. मी नसतो तरी काय फरक पडला असता?”

प्रश्न साधा होता. पण अशा प्रश्नाचे उत्तर ‘असे मनाला लावून घेऊ नये’ या वाक्याने देता येत नाही, हे शिक्षक जाणून होते. ते त्याच्याशेजारी बसले आणि त्यांनी त्याला या खेळातील सर्वांत मोठ्या सांघिक सामन्यांची हकीकत सांगावयास आरंभ केला.

कबड्डीच्या संघात सात गडी एकाच वेळी अंगणात उभे असतात. साखळी धरतात, एकमेकांना सावरतात. बॅडमिंटनचे तसे नाही. येथे अंगणात एकटा उतरतो, फार तर दोघे. बाकीचे बाहेर बाकावर बसून असतात. खेळ एकाचा, पण गुणपत्रिका सर्वांची, असा हा विलक्षण प्रकार आहे. पुरुषांची थॉमस चषकाची स्पर्धा याच तत्त्वावर उभी आहे. सर जॉर्ज थॉमस हे इंग्लंडमधील नामवंत बॅडमिंटनपटू. ते बुद्धिबळातही इतके निपुण होते, की त्या खेळात त्यांनी ब्रिटनचे अजिंक्यपद मिळविले होते. राष्ट्राराष्ट्रांच्या संघांत बॅडमिंटनची स्पर्धा व्हावी, ही कल्पना त्यांनी १९३९ मध्ये मांडली. परंतु महायुद्ध पेटले आणि पहिली स्पर्धा १९४८-४९ च्या हंगामात पार पडली. मलायाचा संघ तीत विजयी झाला. पुढे इंग्लंडच्याच बेटी उबेर या खेळाडूच्या नावाने स्त्रियांसाठी तशीच स्पर्धा १९५६-५७ पासून सुरू झाली. १९८४ पासून या दोन्ही स्पर्धा एकाच वेळी, एकाच ठिकाणी भरू लागल्या. तीन एकेरी व दोन दुहेरी असे पाच सामने, आणि तीन जिंकील त्याचा जय, अशी त्यांची रीत आहे.

या खेळाशी महाराष्ट्राचे नाते फार जुने. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ आवडीने खेळत, आणि त्यावरून त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. इंग्लंडमधील ‘बॅडमिंटन’ नावाच्या एका उमरावाच्या वाड्यावरून त्याचे आजचे नाव रूढ झाले. पुढे याच मातीत या खेळाचे थोर उपासक निपजले. क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही कन्या बॅडमिंटनमध्ये नावारूपास आल्या. त्यांपैकी तारा देवधर यांनी एकेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद तीन वेळा मिळविले. आणि सांगलीत १२ मे १९३३ रोजी जन्मलेल्या नंदू नाटेकर यांनी तर या खेळाला घरोघरी पोहोचविले.

नाटेकरांचा ओढा प्रथम टेनिसकडे होता. मग ते बॅडमिंटनकडे वळले आणि विशी गाठण्यापूर्वीच भारताच्या थॉमस चषक संघात दाखल झाले. १९५६ साली त्यांनी मलायातील सेलांगोर येथील स्पर्धा जिंकली. परदेशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत. १९६१ साली अर्जुन पुरस्कार प्रथमच दिले गेले, तेव्हा बॅडमिंटनचा मान त्यांनाच मिळाला. १९५१ ते १९६३ या काळात थॉमस चषकाच्या १६ एकेरी सामन्यांपैकी १२ सामने त्यांनी जिंकले. जाळ्यालगत फूल अलगद सोडून देण्याची त्यांची हातोटी पाहणारांच्या स्मरणात कायम राहिली.

पण इतके सामने जिंकूनही त्यांच्या हाती थॉमस चषक कधी आला नाही. १९५२ साली भारताने मोठी मजल मारली. मात्र अमेरिकेच्या संघाशी झालेल्या लढतीत नऊ सामन्यांपैकी चार भारताने जिंकले आणि पाच अमेरिकेने. अवघ्या एका सामन्याने अंतिम लढतीचे दार बंद झाले. १९५५ मध्ये पुन्हा तसाच योग आला आणि पुन्हा माघारी फिरावे लागले. १९७९ मध्ये भारत उपांत्य फेरीपर्यंत जाऊन परतला. सांघिक खेळाचा हा कठोर न्याय आहे. एकटा कितीही चांगला खेळो, संघ हरला म्हणजे त्याचे जिंकलेले सामनेही पराभवाच्या रकान्यात जाऊन बसतात. नाटेकरांनी याविषयी त्रागा केला नाही. ते पुढच्या वेळी पुन्हा संघात उभे राहिले. इतकेच नव्हे, तर संघाचे नेतृत्वही त्यांनी केले.

पुढे ४३ वर्षे भारताला उपांत्य फेरी दिसली नाही. २०२२ च्या मे महिन्यात बँकॉक येथे थॉमस आणि उबेर चषकांचे सामने भरले. भारताच्या पुरुषसंघात दहा खेळाडू होते. १२ मे रोजी उपउपांत्य फेरीत मलेशियाशी गाठ पडली. पहिला सामना लक्ष्य सेन हरला. मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी दुहेरीत बरोबरी साधली. किदंबी श्रीकांतने तिसरा जिंकला. चौथा हातचा गेला. दोन-दोन अशी बरोबरी झाल्यावर पाचव्या सामन्यासाठी केरळचा एच. एस. प्रणॉय उठला. तो जिंकला तर संघ जिंकणार, हरला तर सर्वांचे श्रम वाया जाणार. तो जिंकला. दुसऱ्या दिवशी डेन्मार्कविरुद्ध अगदी तोच क्रम घडला. पुन्हा लक्ष्य हरला, पुन्हा दोन-दोन अशी बरोबरी झाली आणि पुन्हा सारा भार प्रणॉयवर आला. पहिल्याच डावात त्याचा पाय घसरला, घोट्याला दुखापत झाली. तो डाव १३-२१ असा गेला. वेदना सोशीत त्याने उरलेले दोन्ही डाव २१-९, २१-१२ असे जिंकले आणि भारत प्रथमच थॉमस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला.

१५ मे रोजी समोर इंडोनेशियाचा संघ होता. तोवर त्या देशाने १४ वेळा हा चषक जिंकला होता. आधीच्या दोन्ही फेऱ्यांत हरलेला लक्ष्य सेन पहिला सामना खेळण्यास उतरला. पहिला डाव ८-२१ असा गमावूनही त्याने पुढचे दोन्ही डाव जिंकले. सात्त्विक आणि चिराग यांनीही पहिला डाव गमावला. दुसऱ्यात पराभव अवघ्या एका गुणावर येऊन ठेपला. तेथून त्यांनी तो डाव २३-२१ असा खेचून आणला आणि तिसरा २१-१९ असा जिंकला. मग श्रीकांतने आपला सामना सरळ दोन डावांत जिंकला. पाचांपैकी तिन्ही सामने भारताच्या पदरात पडले आणि थॉमस चषक जिंकणारा भारत हा सहावा देश ठरला.

“आणि प्रणॉय?” शिक्षकांनी मुलाला विचारले. “ज्याने संघाला तेथवर आणले, तो अंतिम दिवशी काय करीत होता?”

मुलाने मान वर केली.

“बाकावर बसला होता. त्याचा सामना पाचवा. तो आलाच नाही. श्रीकांतचा शेवटचा गुण पडला, तेव्हा बाकावरचे सारे धावत अंगणात शिरले, त्यांत तोही होता. त्या दिवशी त्याचाही सदरा तुझ्यासारखाच कोरडा असणार.”

मुलाच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आले, पण ते टिकले नाही. तो विचारी होता. तो म्हणाला, “पण सर, प्रणॉय आधी दोनदा खेळला होता. त्यानंच तर संघाला वाचवलं. मी एकही सामना खेळलो नाही.”

हा आक्षेप खरा होता. शिक्षकांनी तो नाकारला नाही. ते थोडे थांबले आणि त्यांनी आणखी एका बाकाची गोष्ट सांगितली. २०२४ च्या फेब्रुवारीत मलेशियातील शाह आलम येथे आशिया खंडातील पुरुष व स्त्री संघांचे अजिंक्यपदाचे सामने झाले. उबेर चषकात भारतीय स्त्रियांनी २०१४ आणि २०१६ मध्ये कांस्यपदके मिळविली होती. पण आशियाई सांघिक अजिंक्यपद त्यांच्याकडे कधी आले नव्हते. १८ फेब्रुवारीस अंतिम फेरीत थायलंडशी लढत होती. पी. व्ही. सिंधूने पहिला सामना जिंकला, त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांनी दुसरा. विजय हाताशी आला असे वाटत असतानाच पुढचे दोन्ही सामने गेले. दोन-दोन. आता बाकावरून उठावयाचे होते सतरा वर्षांच्या अनमोल खरब हिला. जागतिक क्रमवारीत तिचे स्थान ४७२ वे होते. सिंधूच्या नावाशेजारी तिचे नाव फारसे कोणी घेत नव्हते. ती उठली आणि तिने २१-१४, २१-९ असा सामना जिंकून आशियाचे अजिंक्यपद भारताला मिळवून दिले.

“अनमोल जेव्हा बाकावर बसली होती,” शिक्षक म्हणाले, “तेव्हा आपला सामना येणार की नाही, हे तिला माहीत नव्हते. पहिले तिन्ही सामने भारताने जिंकले असते, तर ती तुझ्यासारखीच कोरडी परतली असती. मग तिची तयारी कमी ठरली असती काय? अरे, सामना येणे आपल्या हाती नसते. तो आला तर आपण तयार असणे, एवढेच आपल्या हाती असते. तू त्या दिवशी तयार होतास की नाही?”

“होतो,” मुलगा म्हणाला.

“आणि तुझ्या आधी खेळणाऱ्यांना ते माहीत होते. आपण चुकलो तरी मागे कोणीतरी उभा आहे, हे ज्याला ठाऊक असते, त्याचा हात मोकळा चालतो. लक्ष्य सेन दोनदा हरूनही तिसऱ्या दिवशी निर्भयपणे खेळला, त्याच्या पाठीशी चार सामने आणि नऊ सोबती होते म्हणून.”

कालव्याचे पाणी संथ वाहत होते. पलीकडच्या रस्त्यावरून उसाची एक गाडी कुरकुरत गेली. शिक्षक उठले. जाता जाता, जणू सहज आठवले अशा रीतीने, त्यांनी विचारले, “अंतिम फेरीत आपल्या पहिल्या गड्यासमोर जो मुलगा होता, तो कोणत्या हाताने खेळत होता, लक्षात आहे?”

मुलगा विचारात पडला. त्या दिवशी स्वतःच्या सामन्याच्या चिंतेत त्याने तिकडे नीट पाहिले नव्हते. मग त्याच्या डोळ्यांपुढे ते दृश्य हळूहळू उभे राहिले: अकलूजचे ते अंगण, जाळ्यापलीकडचा तो चपळ मुलगा, त्याचा वर गेलेला हात. तो हात डावा होता.

“अकलूजला पुष्कळ मुले त्याच्यापुढे हरली,” शिक्षक म्हणाले. “डावखुऱ्याचा फटका त्यांना उमगेना. आपल्या गड्याला मात्र तो पहिल्या गुणापासून उमगत होता. तो फटका कोठून येतो आणि कोठे जातो, हे त्याला कोणी शिकविले असेल, याचा विचार कर. मीही ते त्याच दिवशी समजलो.”

एवढे बोलून ते चालू लागले. मुलगा बराच वेळ तेथेच बसून राहिला. श्रीपूरच्या अंगणातील कित्येक सायंकाळी त्याला आठवल्या. त्या सर्व सायंकाळी तो हरला होता, आणि त्या हरण्याचा कोणी हिशेब ठेवला नव्हता. आता तो हिशेब त्याला ढालीच्या तळाशी लिहिलेला दिसला.

जगातील प्रत्येक विजयाच्या मागे असे न खेळलेले आणि न मोजलेले पुष्कळ सामने असतात. नंदू नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात निवर्तले. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत थॉमस चषक भारतात आला. भारताने उपांत्य फेरी गाठली तो १२ मे, म्हणजे त्यांचा जन्मदिवस होता. हा केवळ योगायोग. त्याला अधिक अर्थ देण्याचे कारण नाही. पण १९५२ साली अवघ्या एका सामन्याने हुकलेल्या त्या वाटेवर ज्यांची पावले प्रथम उमटली, त्यांचाही बँकॉकच्या विजयात वाटा होता, असे म्हटल्यास ते चुकीचे होणार नाही. चषकावर विजेत्यांची नावे कोरली जातात. वाट करून देणारांची नावे कोठेच कोरली जात नाहीत. ती पुढे येणाराने आठवावयाची असतात.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली, तेव्हा उसाचे शेंडे अजून डोलत होते. खेळाला अवकाश होता. तरी डावखुरा मुलगा अंगणात सर्वांआधी आला होता. पावलांनी पुसट झालेल्या रेघांवर तो वाकून फक्की टाकीत होता. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू आला, त्याने रॅकेट काखेत धरून दुसरी रेघ ओढावयास घेतली. दोघांपैकी कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने वारा पडला.